वाटण्या पडलेली टेकडी

आई चित्रासमोर उभी राहिली, पर्स पोटाशी धरली, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाली, "वाटण्या झाल्यात गं इथं. भावाभावांतल्या."

न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममधली ही गोष्ट. ऑक्टोबर संपत आला होता. आईला माझ्याकडे येऊन तीन महिने होत आले होते आणि परत निघायला आठवडा राहिला होता. सकाळपासून इजिप्तच्या दालनात फिरून तिचे गुडघे दुखायला लागले होते, तरी मी तिला रेटत वर आणलं ते या एका चित्रासाठी. नदीपलीकडे न्यू जर्सीत राहायला लागून मला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत वर्षाकाठी एकदा तरी मी इथे येऊन उभी राहते. 'जाले टेकडी, पाँत्वाझ.' कामीय पिसारो या चित्रकाराने १८६७ साली रंगवलेलं, फ्रान्समधल्या पाँत्वाझ गावचं तैलचित्र. उंची ८७ सेंटिमीटर, रुंदी ११५. घरातल्या एखाद्या खिडकीएवढं.

मी तिथे उजेड बघायला जायचे. हिरव्या रंगाला किती तऱ्हा असू शकतात ते बघायला जायचे. आईला पहिल्या मिनिटात जमिनीच्या वाटण्या दिसल्या.

चित्रात समोर एक पायवाट आहे, तिच्यावरून दोन बायका चालल्यात. पलीकडे खोलगट जागेत घरांचा पुंजका, उतरती छपरं, उन्हात आलेल्या भिंती. घरांच्या पाठीला लागूनच टेकडी उठते. तिला शिखर नाही, कडा नाही, वर देऊळ नाही की पडका बुरूज नाही. नुसता एक रुंद, शांत उतार, आणि त्यावर शेतांचे तुकडे. कुठे हिरवा, कुठे पिवळट, कुठे नुकती माती उलटल्यासारखा तपकिरी. आकाशाला वर जेवढं उरलं तेवढंच.

"हा बघ, हा पट्टा एकाचा. हा शेजारचा दुसऱ्याचा," आई बोटाने हवेत रेघा मारत होती. "जिथं उभं कापलंय ना, तिथं शहाण्या माणसानं वाटणी केली असणार. वरपासून खालपर्यंत उभा पट्टा दिला की प्रत्येकाच्या वाट्याला खालची काळी पण येते आणि वरची मुरमाड पण. कुणाची तक्रार नाही."

आईचं माहेर शेतकऱ्याचं. तिच्या वडिलांच्या जमिनीचे चार भावांत चार तुकडे झाले, ते तिने डोळ्यांनी पाहिलंय. ती आणि मावशी तलाठ्याकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून आल्या, त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली. त्याबद्दल ती कधी बोलत नाही.

मी मोबाईलवर शोधलं नाही, कारण हे मला माहीत होतं. फक्त या चित्राशी त्याची गाठ मी कधी घातली नव्हती. फ्रान्समध्ये १८०४ साली नेपोलियनच्या काळात जो दिवाणी कायदा आला, त्याने थोरल्या मुलाचं वेगळं मोठेपण ठेवलं नाही. बापाच्या मागे सगळ्या मुलांना सारखा वाटा. पिढी-दोन पिढ्यांत शेतांच्या पट्ट्या होत गेल्या. पिसारो तिथे राहायला आला तेव्हा त्या कायद्याला साठ वर्षं होऊन गेली होती. मी आईला हे सांगितलं.

"सगळ्या मुलांना म्हणजे? मुलींना पण?"

"हो. मुलींनाही."

ती बराच वेळ टेकडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तरीच एवढे बारीक पट्टे पडलेत."

१८६८ च्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या त्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, हे चित्र लागलं होतं. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला एमिल झोला तेव्हा २८ वर्षांचा होता आणि वर्तमानपत्रात चित्रांवर लिहायचा. पिसारोच्या निसर्गचित्रांबद्दल त्याने जे लिहिलं त्याचा आशय असा, की हा आजचा मुलूख आहे. इथून माणूस गेला आहे, त्याने ही माती खणली, तिचे तुकडे पाडले, क्षितिजं उदास केली, हे जाणवतं. साध्यासुध्या वास्तवातून या चित्रकाराने दुर्मिळ ताकदीचं काव्य काढलं आहे, असंही तो म्हणतो. 'तुकडे पाडले' हे शब्द मी पूर्वी कितीदा वाचले असतील. मला ती लेखकाची शब्दकळा वाटायची. आई शेजारी उभी राहिली तेव्हा कळलं, की झोलाने समोर जे दिसलं तेवढंच लिहिलं होतं.

चित्राच्या अगदी जवळ गेलं की शेतं नाहीशी होतात. उरतात रुंद, सपाट फटकारे. छपराची एक बाजू म्हणजे एकच ब्रश ओढलेला, भिंतीला दुसरा. शेताचा पट्टा हा खरोखर रंगाचा पट्टाच आहे, आणि तो जिथे संपतो तिथे शेजारचा रंग त्याला अंगाने भिडतो, मध्ये रेघ नाही. आई म्हणाली, "बांध कुठं काढलेत यानं?" काढलेच नाहीत. एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे बांध आहे असं आपण समजायचं. पहारेकऱ्याने नम्रपणे मागे व्हायला सांगितलं. दोन पावलं मागे आलो आणि टेकडी पुन्हा टेकडी झाली, उतार पायांना जाणवावा इतकी. या चित्राला वास्तववादी म्हणतात ते मला इथे पटतं. पान न् पान मोजून काढलेलं यात काही नाही. जमिनीचा चढ, मातीचं वजन, छपराचा कोन, एवढं मात्र बिनचूक आहे.

मेजरमेंट घेतल्यासारखं हे पाहणारा माणूस त्या गावचा नव्हता. त्या देशाचाही नव्हता.

पिसारोचा जन्म १० जुलै १८३० चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा. बेट डेन्मार्कच्या ताब्यात. वडील बोर्दोहून आलेले, पोर्तुगीज वंशाचे ज्यू. ते आले होते मेलेल्या मामाचा व्यवहार निस्तरायला, आणि त्यांनी लग्न केलं मामाच्याच विधवेशी. बेटावरच्या ज्यू समाजाने ते लग्न कित्येक वर्षं मानलं नाही. म्हणजे हे मूल जन्मलं ते घरातच थोडं उपरं ठरून. बेटाची राजधानी शार्लट आमाली, बंदराभोवतीच्या टेकड्यांवर चढत गेलेलं गाव. चढ असा की काही ठिकाणी रस्त्याऐवजी पायऱ्याच बांधल्या आहेत. तिथल्या एका प्रसिद्ध जुन्या जिन्याच्या विटा युरोपातून येणाऱ्या जहाजांच्या तळाशी वजनासाठी भरून आणलेल्या होत्या. बाराव्या वर्षी पोराला पॅरिसजवळ शाळेला पाठवलं. १८४७ मध्ये परत आल्यावर वडिलांच्या धंद्यात कारकुनी. बंदरावर माल उतरवून घेता घेता तो वहीत हमाल, बायका, गाढवं काढत बसायचा. तिथेच त्याला फ्रिट्झ मेल्बी हा डॅनिश चित्रकार भेटला, आणि १८५२ मध्ये दोघे व्हेनेझुएलाला निघून गेले. मध्यमवर्गी आयुष्याशी बांधलेला दोर तोडायला आपण सगळं टाकून काराकसला पळालो, असं पिसारोने पुढे लिहिलं आहे. १८५५ मध्ये त्याने बेट कायमचं सोडलं आणि पॅरिस गाठलं.

पॅरिसला गेल्यावर त्याने काय रंगवलं? बेटच. १८५६ सालचं एक छोटं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे: समुद्राकाठच्या वाटेवर बोलत उभ्या दोन बायका, एकीच्या डोक्यावर टोपली, मागे समुद्र आणि डोंगर. सही आहे 'पिझारो' अशी, स्पॅनिश वळणाची, आणि पुढे लिहिलंय पॅरिस. आडनाव फ्रेंच पद्धतीने लिहायला त्याने पुढे काही वर्षांनी सुरुवात केली.

शाळेत आम्ही एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यात स्मरणचित्राचा पेपर असायचा. विषय दिलेला असायचा आणि समोर काहीच नसायचं. सर सांगायचे, डोळे मिटा, प्रसंगात उभे राहा, मग पेन्सिल टेकवा. इथे आल्यावर पहिली तीन-चार वर्षं मी अशीच जगले. बर्फ पडत असताना खिडकीशी बसून मनातल्या मनात आमच्या आळीतली घरं ओळीने काढायची. दारात कोण बसलंय, कुणाच्या ओट्यावर काय वाळत घातलंय. एखादं घर विसरलं तर जीव घाबरा व्हायचा. खिडकीबाहेर जे खरोखर होतं, ते झाड कोणतं, हे मी चौथ्या वर्षी विचारलं. म्हणून त्या १८५६ च्या चित्राबद्दल मला फार जवळीक वाटते. समोर पॅरिस पसरलेलं असताना हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा डोळे मिटून टोपलीवाली आठवत बसला होता.

आणि म्हणूनच जाले टेकडी मला इतकी मोठी वाटते. अकरा वर्षांनी त्याचे डोळे पूर्ण उघडलेले आहेत. वाटेवर पुन्हा दोन बायका आहेत, पण यावेळी वाटही समोरची, बायकाही समोरच्या.

पाँत्वाझ पॅरिसच्या वायव्येला, साधारण तीस किलोमीटरवर. वाझ नदीवरचा पूल, 'पाँ', म्हणून पाँत्वाझ. जुनं गाव उंचावर, तिथे सें माक्लूचं कॅथिड्रल, बाजार, जुन्या किल्ल्याचे अवशेष. बाहेरून येणाऱ्या कुणीही आधी तेच काढलं असतं. त्या काळात छापील चित्रं निघायची ती अशाच देखाव्यांची. १८६६ मध्ये पिसारो बायकामुलांसह तिथे आला आणि राहिला एर्मिताज नावाच्या कडेच्या वस्तीत, जिथे भाजीपाला पिकवणाऱ्यांची घरं होती. कॅथिड्रलला त्याच्या चित्रांत जागा मिळाली ती क्वचित. तो वर जाऊन खालचा देखावाही काढत बसला नाही फारसा. राहत्या घरापासून चालत जे गाठता येईल ते काढलं. मला वाटतं, पाहुणा गावाचं देऊळ बघतो, आणि ज्याला राहायचं असतं तो रस्ता कुठून कुठे जातो, भाजी कुठे पिकते, हे बघतो.

यात ज्यूलीचाही वाटा असणार. ज्यूली वेले त्याच्या आईच्या घरी कामाला होती, बर्गंडीकडच्या छोट्या शेतकऱ्याची मुलगी. सासूला हे नातं मान्य नव्हतं. लग्न झालं थेट १८७१ मध्ये, लंडनला, तोवर मुलं झाली होती. पैसे कधीच पुरत नसत. १८६८ मध्ये पिसारो गियोमँ या मित्राबरोबर खिडक्यांचे पडदे रंगवून चार पैसे मिळवत होता. ज्यूली भाज्या लावायची, कोंबड्या-ससे पाळायची आणि घर चालवायची. घरात रोज कोबीचं रोप कधी लावायचं यावर बोलणं होत असेल, तर बाहेर पडल्यावर माणसाला टेकडीवर वाफे दिसणारच. मी आईला हे सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तिला किती मुलं?" आठ झाली. त्यातली सगळी जगली नाहीत.

१८७४ मध्ये त्या सुप्रसिद्ध पहिल्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनाच्या वेळी कास्तान्यारी नावाच्या समीक्षकाने, एरवी स्तुती करताना, एक खंत नोंदवली: या चित्रकाराला भाजीच्या मळ्यांचा फार सोस आहे, कोबी दाखवायलाही तो मागेपुढे बघत नाही. पाँत्वाझच्या नावाची कोबीची एक जात आजही फ्रान्समध्ये लावतात. त्या मातीतलं सर्वांत तिथलं असं जे काही होतं, तेच त्याने रंगवलं होतं.

मधल्या काळात युद्ध झालं. १८७० मध्ये प्रशियाचं सैन्य आलं तेव्हा पिसारो पॅरिसजवळच्या लूव्हसिएनला राहत होता. कुटुंब घेऊन तो निघाला तो अखेर लंडनला पोचला. मागे घराचा सैनिकांनी ताबा घेतला. बागेतल्या चिखलात पाय भरू नयेत म्हणून त्यांनी त्याचे कॅनव्हास जमिनीवर अंथरले. वीस वर्षांची जवळपास १५०० चित्रं होती, परत आल्यावर ४० च्या आसपास हाती लागली. हे वाचल्यापासून जाले टेकडीसमोर उभं राहिलं की मला दर वेळी तिच्या नुसत्या असण्याचंच आश्चर्य वाटतं. आणि एवढं होऊनही तो फ्रान्सलाच परतला, पुन्हा पाँत्वाझला गेला, पुढची दहा वर्षं तिथलेच उतार रंगवत राहिला. फ्रेंच नागरिक मात्र कधी झाला नाही. १९०३ मध्ये वारला तेव्हाही कागदोपत्री डॅनिशच होता, आणि डेन्मार्कमध्ये तर तो कधी राहिलाही नव्हता. माझ्या पासपोर्टवर अजून अशोकस्तंभ आहे. लोक विचारतात, एवढी वर्षं झाली, बदलत का नाहीस? मला नीट उत्तर देता येत नाही, पण पिसारोला कुणी विचारलं असतं तर त्याने हात धरून टेकडीकडे नेलं असतं असं वाटतं.

इथे एक धागा आपल्याकडे येतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७२ मध्ये पॉल सेझान हा चित्रकार पाँत्वाझला आला, मग जवळच ओव्हेरला राहिला. दोघे बाहेर एकत्र रंगवायचे, कधी एकच विषय शेजारीशेजारी. पिसारो मला वडिलांसारखा होता, असं सेझान म्हातारपणीही म्हणायचा. डोंगर, घर, झाड यांची चित्रात बांधणी कशी करायची, याचं सेझानने पुढे जे केलं ते जगाला माहीत आहे. १९४८ मध्ये श्रीनगरला सय्यद हैदर रझा आपली चित्रं आंरी कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराला दाखवत होते. त्याने सांगितलं, तुमच्यात गुण आहेत, पण चित्राला बांधणी नाही, सेझान अभ्यासा. मुंबईच्या जे. जे.मधून शिकून निघालेले रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि साठ वर्षं तिथे राहिले. दक्षिणेतल्या गोर्बिओ या डोंगरावरच्या गावात त्यांचं घर होतं. मृत्यूनंतर दफन मात्र मंडल्याला, वडिलांच्या शेजारी. एक परका चित्रकार एका उताराकडे बघून काही शिकतो, आणि ते हातोहात दुसऱ्या परक्यापर्यंत पोचतं, ही गोष्ट मला दुःखात धीर देते.

मेट्रोपोलिटनमधून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. फिफ्थ अॅव्हेन्यूवरून वर सात-आठ चौक चाललं की गुगेनहाइम म्युझियम लागतं. तिथे त्याच वस्तीचं, त्याच सुमाराचं दुसरं चित्र आहे: 'एर्मिताज, पाँत्वाझ'. रुंदी दोन मीटर, उंची दीड. एकाच गावचे दोन तुकडे, समुद्र ओलांडून एकाच रस्त्यावर दहा मिनिटांच्या अंतराने येऊन राहिलेत. आईला विचारलं, टॅक्सी करू का? ती म्हणाली, चालू हळूहळू. पानं गळत होती. ती माझा दंड धरून चालत होती आणि प्रत्येक सिग्नलला थांबल्यावर श्वास घेत होती.

गुगेनहाइमच्या चित्रात वळणाची वाट घरांच्या पायथ्याशी येते, भिंती अंगावर येतात इतक्या जवळ आहेत, वाटेवर माणसं आहेत. एका बाजूला लख्ख ऊन, दुसऱ्या बाजूला गार सावली.

"आता आपण खाली उतरलो," आई म्हणाली. "मघाशी लांबून बघत होतो."

मग बऱ्याच वेळाने, "परत गेला का हा कधी? आपल्या गावाला?"

"नाही."

"आईवडील?"

"वडील पॅरिसलाच वारले. आई शेवटपर्यंत तिथेच होती, त्याच्या जवळपास."

"मग बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा चित्राकडे वळली. मी तिकडे न बघता तिच्याकडे बघत होते. तिचं तिकीट पुढच्या गुरुवारचं होतं.

रात्री तिने मामाला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती, मामा गोठ्यातून आत आला होता. मी भांडी आवरत ऐकत होते. "दादा, आज एक टेकडी बघितली," ती सांगत होती. चित्र हा शब्द ती बोललीच नाही. "घरं सगळी खाली, ओढ्याला असतात तशी. मागं लगेच चढ. एक इंच मोकळा ठेवला नाही, पार वरपर्यंत करतात. दोघीजणी वाटेनं चालल्या होत्या, पण कामाला जातात की कुणाकडं बसायला, ते कळेना. पट्टे फार बारीक आहेत पण. मुलींनाही द्यावं लागतं तिथं."

मामा काहीतरी बोलला.

"नाही रे, नुसतं सांगितलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "एवढ्या वर पाणी कसं नेत असतील, ते मात्र काही दिसलं नाही."